वडशाचा फुंकदवाखाना

अख्खी नोकरी मी शिट्टी फुंकून पगार घेतला. कराडच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका होते आणि लहानपणापासून मला दमा. मुलं मैदानाला फेऱ्या मारायची आणि मी कडेला उभी राहून शिट्टी वाजवायची. एका खिशात शिट्टी, दुसऱ्या खिशात पंप. माझी भाची मुग्धा फुप्फुसांची डॉक्टर झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले, मावशीला बघूनच शिकली असणार. त्यात खोटं काही नव्हतं.

ही मुग्धा सध्या वडशाला असते. तिथं एका संशोधन केंद्रात चुलीचा धूर आणि भातगिरण्यांचा धुरळा यांनी माणसांच्या फुप्फुसांचं काय होतं, आणि झालेलं सुधारता कसं येतं, याचा अभ्यास चालतो. दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. "मावशी, सगळे ताडोब्याला वाघ बघायला येतात. तू माझ्याकडे श्वास बघायला ये."

श्वास काय बघायचा, असं मनात म्हणतच मी बॅग भरली. नेहमीचा पंप घेतला, जादाचा एक घेतला, आणि कुणी हसू नये म्हणून तो स्वेटरच्या घडीत लपवला.

बल्लारशाहून पुढे

मुग्धा बल्लारशाला जीप घेऊन आली होती. चंद्रपुरात नाश्त्याला थांबलो. पोह्यांवर लालभडक तर्री ओतून द्यायची इथली पद्धत. आमच्याकडे पोह्यांवर फार तर खोबरं भुरभुरतात. मी बेसावधपणे मोठा घास घेतला आणि असा ठसका लागला की हॉटेलवाला पाण्याचा जग घेऊन धावला. मी पर्समध्ये पंप शोधायला लागले, तर मुग्धा शांतपणे म्हणाली, "मावशी, हा दमा नाही. ही तर्री आहे."

शहराबाहेर वीजकेंद्राची धुराडी आणि कोळशाचे ट्रक मागं पडले. मूल गावाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं आणि माझं बोलणं बंद पडलं, जे सहसा होत नाही. जंगल म्हणजे मला महाबळेश्वरची दाट, ओलसर झाडी माहीत. हे जंगल उंच आणि मोकळं होतं. सागाची ताटाएवढी पानं एकेक करून खाली येत होती, आणि ती जमिनीवर टेकल्याचा आवाज गाडी थांबवली तर ऐकू यायचा. मग अचानक झाडी संपायची आणि तलाव समोर यायचा, त्याच्या खाली सोनेरी धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा. पुन्हा जंगल, पुन्हा तलाव. काच खाली करून मी छातीभर श्वास घेतला. पिकलेल्या धानाला आणि वाळलेल्या पानांना मिळून एक गोडसर वास असतो. तो माझ्या छातीत विनातक्रार उतरला, याचंच मला अप्रूप वाटलं.

वैनगंगेचा पूल ओलांडून वडशात शिरलो. आमच्याकडे गावात शिरताना पतसंस्थांचे फलक दिसतात. इथं नाटक कंपन्यांचे फलक! एकाला लागून एक कार्यालयं, रंगीत पोस्टरं, मिशांना पीळ दिलेले खलनायक. झाडीपट्टी म्हणजे हा सगळा जंगलपट्टा, इथली माणसं नुसतं झाडी म्हणतात. इथल्या नाटकांचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि धान निघालं की गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. फलकांच्या मागं भातगिरण्या आणि कोंड्याचे पिवळे ढीग. त्या दिवशी वारा होता, आणि कोंड्याचा धुरळा फलकांवरच्या नायकांच्या तोंडावर बसला होता.

गोदामात

मुग्धाचं केंद्र म्हणजे धानाचं जुनं गोदाम. पांढरा रंग दिला आहे, खिडक्या पाडल्या आहेत, पण कोपऱ्यातून धानाचा वास अजून येतो. बाहेर केंद्राच्या नावाची लांबलचक पाटी आहे, ती कुणी वाचत नाही. आजूबाजूच्या गावांत त्याला सरळ फुंकदवाखाना म्हणतात, आणि तो रस्त्यापलीकडूनही ओळखू येतो. आतून सतत आरोळ्या ऐकू येतात. "फुका, फुका, फुका! अजून, अजून, अजून!"

या आरोळ्या छायाच्या. छाया इथली तंत्रज्ञ, ब्रह्मपुरीची मुलगी, अंगानं काडी आणि आवाज पहाडी. रोज सकाळी ती मोठ्या पिचकारीसारख्या नळकांड्यानं यंत्रात मापाची हवा ढकलून बघते, यंत्र खरं बोलतंय ना म्हणून. मग माणसं येतात. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास, आणि तो पूर्ण जोरानं, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर.

पहिली फुंक माझी. शिट्टीवाल्या बाई म्हणून मी जरा तोऱ्यातच बसले. फुंकले. पडद्यावर एक रेघ झर्रकन वर चढली आणि उतरत उतरत तळाला टेकली. डोंगराचं एक टोक आणि मग उतार. "हा तुझा श्वास," मुग्धा म्हणाली. "उतार बघ, जरा आत खचलाय. तो तुझा दमा."

जन्मभर जो माझा गळा धरून बसला होता, तो मी पहिल्यांदा समोर बघितला. बोटाएवढा खळगा. मला रडू आलं आणि हसूही आलं. हवेचं चित्र काढता येतं, आणि त्या चित्रात माणूस कुठं अडलाय ते दिसतं, याहून मोठी जादू मी तरी बघितलेली नाही.

दुपारी एक जोडपं आलं. पुरुष पन्नाशीचा, पांढरा सदरा, एवढ्या उन्हात गळ्याला मफलर. बाई बारीक, लगबगीची, पिशवी सांभाळणारी. आल्या आल्या ती पायरीवर टेकली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून थोडा वेळ बसली. मला वाटलं, चालून दमली असेल.

"शंकरभाऊ," छाया माझ्या कानात म्हणाली, "नाटकात गाते. साऱ्या झाडीत नाव हाये." शंकरभाऊ पावसाळ्यात गिरणीत हमाली करत आणि हिवाळ्यात मुकुट घालत. मागच्या सीझनला एका गावी गाताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि पद अर्ध्यावर तुटलं. आता कंपनीचा मालक डॉक्टरचा शब्द मागत होता.

"म्याडम, मले एकच सांगा," शंकरभाऊ मुग्धाला म्हणाले. "मी सीझन करू शकतो का नाई? मालक म्हंते, छाती खराब असन तं दुसरा गायक पाहून ठेवतो."

त्यांनी नळी तोंडात धरली. छायानं आरोळी ठोकली. शंकरभाऊंनी श्वास सोडला, आणि पडद्यावर डोंगराऐवजी एक सपाट टेकाड आलं. पुन्हा केलं, पुन्हा टेकाड. पुन्हा. दर वेळी यंत्रानं लाल खूण करून ते परत पाठवलं. शंकरभाऊंचा चेहरा उतरत गेला.

"खराब हाये ना जी?"

"खराब आहे की नाही तेच कळत नाही," मुग्धा म्हणाली. "भाऊ, तुम्ही श्वास जपून सोडताय. मला सगळा एकदम हवाय."

"एकदम कसा सोडन? पदाच्या शेवटी काय राह्यन मंग?"

तेव्हा उलगडा झाला. या माणसाला लहानपणी गुरूनं शिकवलं होतं की श्वास पुरवून वापरायचा. तो सुरुवातीला उधळायचा म्हणजे पाप. छाया म्हणाली, "भाऊ, कसे वापरता ते दाखवा बरं एकदा." शंकरभाऊंनी चिमटा काढला, डोळे मिटले आणि एक सूर लावला. गोदामाच्या पत्र्याखाली तो सूर जो राहिला तो राहिला. बाकावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. मुग्धाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मला आता श्वास घ्यावासा वाटला, पण त्यांचा संपायच्या आधी आपला घेणं बरं दिसेना. शेवटी मीच धापा टाकत घेतला आणि सगळे हसले.

हसली नाही ती त्यांची बायको, सुमनबाई. ती नवऱ्यावर वैतागली होती.

"मुठमुठ धान वाटल्यावानी सोडून राह्यले तुमी! म्याडम सांगून राह्यल्या ना, पूरा सोडा मनून?" मग आमच्याकडे वळून तक्रार. "लगन झालं तवापासून यायनं कोनाले हाक नाई मारली, बाई. गळा जपा लागते ना! ढोरायले हाक मीच मारनार, पोरायले मीच. बांधीत डुकरं आले तं वरडून हाकलनार मीच. यायले वरडताच येत नाई, तं फुकता कुठून येईन?" एवढं बोलताना ती दोनदा थांबली.

मग म्हणाली, "मले द्या ती नळी. शिकवतो यायले."

मुग्धानं लगेच दिली नाही. या केंद्राची शिस्त मला फार आवडली. कोणी असो, आधी सगळं वाचून, समजावून सांगायचं, मनाविरुद्ध नाही ना विचारायचं, आणि मगच पुढं. छायानं झाडीबोलीत सगळं सांगितलं, रक्तदाब बघितला, कोरी नळी लावली. सुमनबाईनं ती निरखली. "ही तं फुंकणीच हाये."

तिनं छाती भरली आणि फुंक मारली, आणि मारल्याबरोबर मान वळवून तोंड बाजूला घेतलं. यंत्रानं लाल खूण केली. पुन्हा तेच. फुंक, आणि झटक्यात तोंड बाजूला.

"इथल्या साऱ्या बाया असंच करते," छाया मला म्हणाली. "चुलीवर फुंकलं की तोंड काढाच लागते, नाई तं धूर आत जाते."

एवढ्या वर्षांत किती वेळा मान वळवली असेल या बाईनं, की आता ओठांना दुसरं काही येतच नाही? धूर चुकवण्याची एवढी सवय, आणि तरी धूर चुकला होता का, हे आम्हाला अजून माहीत नव्हतं.

छायाकडं यावर उपाय होता. ती सुमनबाईच्या कानाशी वाकली. "सुमनबाई, लाकूड ओलं हाये. पाहुने बसले हायेत, आन चूल पेटूनच नाई राह्यली. तोंड काढलं तं विझते. फुका! फुका, फुका, अजून, अजून, अजून!"

सुमनबाईनं डोळे गच्च मिटून फुंकलं. शेवटपर्यंत फुंकलं. तोंड काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत शंकरभाऊंना म्हणत होती, "पायलं? असं!"

मी पडद्याकडं बघितलं. रेघ थोडी वर गेली होती आणि लगेच कोसळून तळाशी सरपटत होती. माझ्या उतारात बोटाएवढा खळगा होता. इथं उतारच उरला नव्हता. मुग्धानं खुर्ची ओढली आणि सुमनबाईच्या समोर बसली.

"सुमनबाई, खोकला किती दिवसांपासून येतो?"

"चुलीपुढं बसलं की खोकला येतेच, म्याडम. त्यात काय सांगाचं?"

"पाणी आणताना थांबावं लागतं?"

"आता वय झालं ना जी."

ती माझ्याहून खूप लहान होती. शंकरभाऊंनी गळ्यातला मफलर हळूहळू सोडवला आणि हातात धरून बसले.

मुग्धानं तिला औषधाचे झुरके दिले, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. रेघ किंचित वर आली. थोडीशीच. पण सुमनबाईनंच आधी ओळखलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "मोकळं वाटून राह्यलं जी. खोलीत हवा वाढली का?"

छातीचा फोटो, थुंकीची तपासणी, सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं. शंकरभाऊंच्या सीझनचा विषय त्या दुपारी पुन्हा निघाला नाही.

बांधीवर

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. गाव जवळच होतं. मुग्धाला घरातली चूल बघायची होती, आणि सुमनबाईनं जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही असं बजावलं होतं. गॅसची शेगडी होती, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेली. ती फक्त पाहुण्यांच्या चहाला. मुग्धानं ते कापड उचललं आणि घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे मी नेते," म्हणाली. जेवण शेगडीवर झालं आणि शंकरभाऊंच्या सुनेनं केलं. तलावातल्या मासोळ्यांचं झणझणीत कालवण, लाखोळीची डाळ आणि नव्या धानाचा भात. आमच्याकडे आधी भाकरी आणि मग उगीच चवीला भात. इथं भातानंतर भात आणि त्यावर भात. मी तिसऱ्यांदा नको म्हणाले तेव्हा सुमनबाईचा चेहरा इतका पडला की मी ताट पुढं केलं.

जेवून उठलो तर बाहेर लख्ख चांदणं होतं, म्हणून बांधीवर जाऊन बसलो. कापलेलं धान जागोजागी पसरलं होतं. ते वाळलं की त्याचे भारे बांधून ढीग रचायचे, त्याला इथं पुंजणं म्हणतात. तोवर ते उघड्यावर, आणि पलीकडं नाल्याच्या काठानं जंगल. शंकरभाऊ कोमट पाण्याचा गडवा घेऊन बसले होते. सीझनच्या आधी ते थंड पाणी पीत नाहीत.

तेवढ्यात नाल्याकडची झुडपं हलली आणि एकामागून एक डुकरं बाहेर आली. मी शाळेच्या सहलीतही एवढं मोठं जनावर जवळून पाहिलं नव्हतं. नाकाडानं ती धान उलथायला लागली. सुमनबाई सवयीनं उठली, तोंडाशी हात नेले आणि ओरडली. अर्धीच आरोळी बाहेर आली. बाकीची खोकल्यात गेली, आणि खोकता खोकता ती बांधावर खाली बसली.

शंकरभाऊ उभे राहिले. त्यांनी छाती भरली. मी माझी शिट्टी आणली असती तर, असा विचार माझ्या मनात येतोय तोवर त्यांच्या गळ्यातून एक सुंदर, लांबलचक, अगदी सुरेल सूर निघाला. डुकरांनी मान वर केली, थोडं ऐकलं आणि पुन्हा खायला लागली.

"तान नाई जी!" सुमनबाई खोकल्यातून म्हणाली. ती हसत होती का रडत होती, मला सांगता यायचं नाही.

शंकरभाऊंनी तिच्याकडं बघितलं. मग ते डुकरांकडं वळले, आणि या वेळी जे बाहेर आलं त्याला सूर नव्हता, ताल नव्हता. जपून ठेवलेलं सगळंच्या सगळं एकदम बाहेर आलं. तलावावरची पाखरं उठली. पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. डुकरं धान तुडवत नाल्यात नाहीशी झाली. मुग्धानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "मावशी, हाच," ती म्हणाली. "हाच मला दुपारभर हवा होता."

शंकरभाऊ स्वतःच दचकल्यासारखे उभे होते. बोलायला गेले तर आवाज घोगरा.

"गळा जाईन ना जी तुमचा!" सुमनबाई म्हणाली. "चार दिवसांवर पयला खेळ हाये."

"जाऊ दे," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी बांधावर बसले. "उद्यापासून तू वरडाचं नाई. मी हाओ ना इथी."

निघताना

सकाळी शंकरभाऊंनी नळी तोंडात धरली, डोळे मिटले, आणि पहिल्याच फुंकीला पडद्यावर सरळ उभा डोंगर चढला. छाया आरोळी द्यायचीच विसरली. फुप्फुसं चांगली होती. मागच्या साली त्यांना साधी सर्दी झाली होती. गिरणीत मास्क लावा, म्हणजे खुशाल गा, मुग्धानं सांगितलं, आणि मालकाला फोन करायला नंबर मागितला.

पण त्यांनी पडद्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. ते सुमनबाईकडं बघत होते. "इचं कवा सुधरन?"

मुग्धा खोटं बोलत नाही, डॉक्टर म्हणून ती मला म्हणूनच आवडते. "जे गेलं ते सगळं परत येणार नाही, भाऊ. पण औषध घेतलं, धूर थांबला, अंगाला पेलेल एवढं रोज चालल्या, तर पुढचं वाचेल. श्रम मात्र कमी करायचे. रात्रंदिवसाचं ओरडणं आता नको."

शंकरभाऊंनी मान हलवली. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तं मालकाले सांगा, पयले दोन-तीन खेळ दुसऱ्यानं गाऊ द्या. धान घरात आल्यावर येतो मी. तवापर्यंत माह्या आवाजाचा काई भरवसा नाई." त्यांच्या पदाला टाळ्या घेणारा दुसरा गायक एकदा उभा राहिला तर पुन्हा बाजूला होईलच असं नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. सुमनबाईनं तोंड उघडलं, आणि त्यांनी हातानंच तिला थांबवलं. मग छायाकडून सुमनबाईचा पंप कसा धरायचा, झुरका घेतल्यावर किती वेळ श्वास रोखायचा, हे ते स्वतः शिकून घेत बसले. श्वास रोखायचं त्यांना चांगलंच जमत होतं.

मी आणखी दोन दिवस राहिले. सुमनबाईच्या थुंकीत क्षय निघाला नाही, हे ऐकून मग निघाले. जाताना त्या दोघांचा निरोप घ्यायला गावात गेलो. सुमनबाईनं नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी बांधून ठेवली होती. चहा झाला, गप्पा झाल्या, मी त्या दोघांच्या नळ्यांची खूप चेष्टा केली, आणि जीपमध्ये बसले. पिशवी ओट्यावरच राहिली. जीप तलावाच्या वळणापर्यंत गेली असेल नसेल, मी मागं वळून बघितलं.

सुमनबाई ओट्यावर पिशवी हातात धरून उभी होती. जन्माच्या सवयीनं तिनं छाती भरली आणि हात तोंडाशी नेले. शेजारून शंकरभाऊंनी तिचा हात खाली केला. गळ्यात मफलर नव्हता. आणि मग, साऱ्या झाडीत नावाजलेल्या त्या गळ्यातून, फाटका, भसाडा, बेसूर आवाज अख्ख्या गावावरून आमच्यापर्यंत आला.

"ओ बाईऽऽ! पोहे राह्यले ना जीऽऽ!"